सोलापूर ते जर्मनी: पहिला विमानप्रवास आणि तिथले पहिले पंधरा दिवस

व्हिसाचा स्टिकर लागलेला पासपोर्ट घरी आला की सोलापुरातल्या घरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात: खरेदी आणि निरोपाची जेवणं. दोन्ही होऊ द्यात. मात्र पहिल्यांदाच देश सोडणाऱ्या मुलामुलींची जी तारांबळ उडते ती विमानात उडत नाही. ती उडते विमानातून उतरल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत. खोलीची किल्ली कुणाकडून घ्यायची, फोन का लागत नाही, बँक पैसे का देत नाही, पत्र का येत नाही, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. त्या दिवसांची तयारी सोलापुरात बसूनच करता येते, आणि या लेखाचा भर त्यावरच आहे.

मी जर्मनी डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, कारण आपल्याकडची इंजिनिअरिंगची बरीच मुलं मास्टर्ससाठी तिकडे जातात. दुसऱ्या देशात जाणाऱ्यांना मुंबईपर्यंतचा भाग जसाच्या तसा लागू पडेल. पुढचे नियम मात्र त्या-त्या देशाचे बघा.

१. तिकीट काढताना

स्वस्त तिकीट शोधायच्या आधी उतरायचा वार ठरवा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, अगदी किराण्याचीसुद्धा. विमानतळावरची आणि मोठ्या रेल्वे स्टेशनातली तेवढी उघडी मिळतात. वसतिगृहाची किल्ली देणारा माणूस आणि सरकारी कचेऱ्या सोमवार ते शुक्रवार भेटतात, तेही बऱ्याच ठिकाणी दुपारपर्यंतच. त्यामुळे सोमवार ते गुरुवार, सकाळी उतरणारं विमान घ्या. त्यासाठी दोन-तीन हजार रुपये जास्त गेले तरी जाऊ द्या. ३ ऑक्टोबरला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, तो दिवसही टाळा.

मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारं थेट विमान साधारण नऊ तासांत फ्रँकफुर्ट किंवा म्युनिकला पोचतं. उन्हाळी वेळेत जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे तुम्ही उतरता तेव्हा तिथे सकाळच असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात आणि हा फरक साडेचार तासांचा होतो. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर नोव्हेंबरमध्ये त्यांचे फोन ऐन लेक्चरमध्ये यायला लागतील.

मध्ये थांबणारं विमान घेणार असाल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. मग पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची सोय करणं ही कंपनीची जबाबदारी राहते आणि बॅग थेट शेवटच्या विमानतळावर पोचते. पॅरिस, ॲमस्टरडॅम किंवा व्हिएन्नामार्गे जात असाल तर इमिग्रेशन, म्हणजे पासपोर्ट-व्हिसाची तपासणी, जर्मनीत होत नाही, त्या पहिल्या युरोपीय विमानतळावरच होतं. तिथे रांग मोठी असू शकते, म्हणून दोन विमानांमध्ये अडीच-तीन तास तरी ठेवा.

नावाचं नीट बघा. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर मात्र आडनाव वेगळ्या रकान्यात असतं आणि स्वतःचं व वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात असतं. तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणेच हवं, एका अक्षराचाही फरक नको. विमान कंपन्यांकडे विद्यार्थ्यांसाठी वेगळं भाडं असतं का तेही विचारा. त्यात बरेचदा २३ किलोची एक बॅग जास्तीची मिळते.

शाकाहारी असाल तर जेवण आधीच नोंदवा, निदान २४ तास आधी. इथे 'हिंदू मील' घेऊ नका, त्यात गोमांस नसलं तरी इतर मांस असतं. 'एशियन व्हेजिटेरियन' किंवा 'जैन मील' निवडा.

आणि विमान नक्की कुठून सुटतंय ते बघा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. तिकिटावर बीओएम असेल तर अंधेरी-सहारचा जुना विमानतळ, एनएमआय असेल तर नवी मुंबई. सोलापूरहून गाडीने जाताना नवी मुंबई आधी लागते. हे दोन विमानतळ एकमेकांपासून लांब आहेत, चुकीच्या ठिकाणी पोचलात तर मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये वेळ भरून निघत नाही.

२. कागदांची पिशवी

एक चेन असलेलं, पारदर्शक कप्प्यांचं फोल्डर घ्या. ते कायम खांद्यावरच्या बॅगेत राहील. मोठ्या बॅगेत एकही मूळ कागद टाकायचा नाही, कारण ती बॅग तुमच्या हातातून जाते आणि कधी कधी उशिरा येते.

सगळ्यात वरच्या कप्प्यात पासपोर्ट, तिकीट, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा (वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवलेल्या, महिन्याला ठरावीक रक्कम देणाऱ्या खात्याचा) दाखला, प्रवासी विम्याचा कागद आणि राहण्याचा पत्ता. इमिग्रेशनवाले मागतात ते एवढंच. त्याखाली पदवी प्रमाणपत्र, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, एपीएस प्रमाणपत्र (तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं), भाषेच्या परीक्षेचा निकाल, जन्मदाखला आणि लसीकरणाचे कागद. कर्ज काढलं असेल तर बँकेचं मंजुरीपत्र. पदवी प्रमाणपत्र विद्यापीठाकडून अजून आलं नसेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र ठेवा, आणि मूळ आल्यावर ते कोण घेऊन ठेवणार हे घरात ठरवून जा.

सगळ्याच्या दोन झेरॉक्स काढा. एक संच मोठ्या बॅगेत, एक घरी. स्कॅन करून ईमेलवरही ठेवा आणि फोनमध्ये इंटरनेटशिवाय उघडतील असे डाउनलोड करा. राहायचा पत्ता, किल्ली देणाऱ्या माणसाचा फोन आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाचा फोन हे तिन्ही एका कागदावर पेनाने लिहून खिशात ठेवा. फोनची बॅटरी संपली तरी हा कागद चालतो.

विम्याबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. जर्मनीतला विद्यार्थ्यांचा सार्वजनिक आरोग्य विमा बहुतेक वेळा विद्यापीठात नाव नोंदवल्यापासून किंवा सेमिस्टर सुरू झाल्यापासून लागू होतो. तुम्ही १५ सप्टेंबरला उतरलात आणि सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होणार असेल, तर मधल्या दिवसांना प्रवासी विमाच आधार असतो. प्रवासी विम्याची शेवटची तारीख थोडी पुढचीच घ्या.

३. पैसे आणि फोन

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये तुम्ही वर्षाचे ११,९०४ युरो भरलेले असतात, पण ते उतरल्या-उतरल्या हाताशी येत नाहीत. तिथे तुमचं चालू खातं उघडावं लागतं, ब्लॉक्ड अकाउंटच्या कंपनीला तो खाते क्रमांक आणि काही कागद पाठवावे लागतात, मग महिन्याला ९९२ युरो यायला लागतात. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. तेवढ्यात खोलीचं डिपॉझिट, पहिलं भाडं आणि विद्यापीठाची सेमिस्टर फी हे सगळं पुढ्यात येतं. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं. तेव्हा फॉरेक्स कार्डावर (आधी युरो भरून ठेवायचं बँकेचं कार्ड) पहिल्या दीड महिन्याचा खर्च आणि डिपॉझिट एवढी रक्कम ठेवूनच निघा. रोख तीन-चारशे युरो बरोबर असू द्या, त्यातही ५, १० आणि २० च्या नोटा मागून घ्या. दोनशेची नोट घेऊन बसच्या तिकिटाला उभं राहता येत नाही.

भारतातला मोबाइल नंबर बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे. निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, निदान एसएमएस येण्यापुरतं. परदेशात गेल्यावर ते सुरू करायला पुन्हा ओटीपीच लागतो. जर्मनीतलं सिम चालू करताना ओळख पटवावी लागते, त्यात वेळ जाऊ शकतो. पहिल्या आठवड्यासाठी रोमिंगचा पॅक किंवा ई-सिम घेऊन जा.

बँकेत एकदा जाऊन सांगा की मी शिकायला परदेशी चाललोय. नियमाप्रमाणे तुमचं बचत खातं एनआरओ खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं) करावं लागतं. हे काम सोलापुरातल्या शाखेत समोरासमोर होतं, तिकडून ईमेल करत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. कर्जाच्या पुढच्या हप्त्यांसाठी बँक तुमची सही मागणार असेल तर आई-वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र लागेल का, तेही त्याच भेटीत विचारा.

४. बॅग भरताना

घरातली खरी लढाई इथेच होते. मावशी म्हणते, "एवढं तरी ने की, तिकडं कुठं मिळणारंय?" आणि बॅग २७ किलो होते. बहुतेक कंपन्यांची मर्यादा एका बॅगेला २३ किलो आहे. दोन बॅगांची परवानगी असली तरी एकीत २८ आणि दुसरीत १८ असं चालत नाही, दोन्ही स्वतंत्र मोजल्या जातात. वर अडकवायचा लहान वजनकाटा विकत घ्या आणि बॅग २२ वर थांबवा.

खाण्याचं स्पष्टच सांगतो. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, बर्फी, दूध पावडर, सुकं मटण यातलं काहीही नाही. सापडलं तर कस्टमवाले काढून घेतात, दंडही होऊ शकतो. आईने कढवलेलं तूप तिथल्या कचऱ्यात जाताना बघण्यापेक्षा ते घरीच राहू द्या. तिथे बिनमिठाचं लोणी सगळीकडे मिळतं, अर्ध्या तासात तूप कढवता येतं. ताजा कढीपत्ता, लिंबं आणि आंबेसुद्धा नेऊ नका.

आपल्या सोलापूरचं नेण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. शेंगा चटणी न्या, काळा मसाला न्या, आणि कडक भाकरी तर न्याच. ती हलकी असते, बरेच दिवस टिकते आणि पहिल्या रात्री दुकान बंद मिळालं तर चटणीबरोबर पोटाला आधार होते. फक्त ती डब्यात घाला, नुसत्या पिशवीत तिचा चुरा होतो. चटणी, मसाला, लोणचं सगळं मोठ्या बॅगेत जाईल. तिखट हाताशी असलेल्या बॅगेत सापडलं तर सुरक्षा तपासणीत काढून टाकतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेतही टाकू नका, तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात म्हणून त्यांना मनाई आहे.

तीन लिटरचा कुकर न्या, इंडक्शनच्या बुडाचा. तो सगळ्या प्रकारच्या शेगड्यांवर चालतो. शिट्टी आणि रिंग एकेक जास्तीची ठेवा. वीज तिथेही २३० व्होल्टच आहे, पण आपला तीन पायांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणून दोन ॲडाप्टर आणि एक आपलं एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. एका ॲडाप्टरवर बोर्ड लावला की फोन, लॅपटॉप, दिवा सगळं चालतं. मोठी उपकरणं त्यावर लावू नका.

आणि एक सोलापुरी चादर. वसतिगृहाच्या खोलीत पलंग आणि गादी असते, पण उशी, पांघरूण, चादर बहुतेक ठिकाणी आपलं आपल्याला आणावं लागतं. पहिल्या रात्री दहा-बारा अंश तापमानात उघड्या गादीवर झोपायची वेळ येऊ नये. चादर आणि टॉवेल वरच ठेवा, पटकन निघतील असे. जाड जॅकेट मात्र इथून विकत नेऊ नका. सोलापुरात मिळणारं जॅकेट सोलापूरच्या थंडीसाठी असतं. अंगात एक बऱ्यापैकी स्वेटर आणि विंडचीटर असला तर ऑक्टोबर निघतो, पुढचं तिथे घ्या.

औषधं तीन महिन्यांपुरती नेता येतात. डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ घटकाच्या नावासह इंग्रजीत चिठ्ठी घ्या. चष्मा असेल तर दुसरा जोड करून घ्या. दाताचं काही काम राहिलं असेल तर तेही इथेच उरका.

हातातल्या बॅगेत कागद, लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक, दोन दिवसांची औषधं, एक कपड्यांचा जोड. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकली तर बॅग उघडायला बोलावतात किंवा मागेच राहते. ती १०० वॉट-अवरच्या आतली हवी आणि विमानात तिच्यावर फोन चार्ज करायचा नाही. पाणी, शाम्पू, तेल असं कुठलंही द्रव १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत नको.

५. सोलापूरहून मुंबई

तिकिटावर '२५ सप्टेंबर, ०१:३५' असं असेल तर तुम्ही २४ तारखेलाच निघायचं आहे. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. २५ च्या दुपारी सोलापूरहून निघायची तयारी करणारी घरं असतात, आणि तोवर विमान युरोपात उतरलेलं असतं.

विमानाच्या चार तास आधी विमानतळाच्या दारात, हे गृहीत धरून उलटं मोजा. ०१:३५ च्या विमानासाठी २४ च्या रात्री साडेनऊ. पहाटे सहाच्या सुमाराची वंदे भारत दुपारी साडेबाराच्या आसपास मुंबईत पोचते, दादरला उतरून टॅक्सी करता येते. आठवड्यातून एक दिवस ती नसते, तो वार बघून घ्या. माझं मत विचाराल तर आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस उत्तम. सकाळी मुंबईत पोचून नातेवाइकांकडे अंघोळ, जेवण, दुपारची झोप होते आणि गाडीला उशीर झाला तरी दिवस हातात असतो. होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ मध्ये मुंबईची विमानसेवाही सुरू झाली आहे, पण देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलोच सामान नेता येतं आणि ते तिकीट वेगळं असतं. ते विमान रद्द झालं तर पुढचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

क्रूझर करून सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं असेल तर सकाळी दहाच्या आत सोलापूर सोडा. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण पुणे ओलांडणं आणि घाट यात किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. टर्मिनलमध्ये फक्त प्रवाशालाच सोडतात. निरोप बाहेरच, रस्त्याच्या कडेला घ्यावा लागतो आणि तिथे गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत. म्हणून औक्षण, नमस्कार, फोटो हे सगळं घरी निवांत करा. आजी-आजोबांना एवढ्या लांब आणू नका, रात्रभर परतीचा प्रवास त्यांना झेपत नाही. दोघं-तिघं बरोबर आले की पुरे.

६. विमानतळावर, क्रमाने

दारात सुरक्षा जवान पासपोर्ट आणि तिकीट बघतो. आत गेल्यावर फलकावर आपल्या विमानाचा नंबर शोधा, त्यासमोर काउंटरची अक्षरं दिसतात. त्या काउंटरवर मोठ्या बॅगा द्यायच्या. इथे दोन गोष्टी तपासा: बॅगेला लावलेल्या पट्टीवर शेवटच्या शहराचा कोड आहे ना, आणि बॅगेची पावती बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून दिली आहे ना. ती पावती फाडू नका, घरी पोचेपर्यंत लागते. काउंटर विमानाच्या साधारण तासभर आधी बंद होतो.

पुढे इमिग्रेशन. अधिकारी विचारतो: कुठे चाललात, काय शिकणार, खर्च कोण करतंय. सरळ, थोडक्यात उत्तर द्या, हिंदीत दिलं तरी चालतं. पासपोर्टवर शिक्का बसला की तुम्ही कागदोपत्री देशाबाहेर. मग सुरक्षा तपासणी: लॅपटॉप, फोन, पट्टा, पाकीट ट्रेमध्ये. ट्रे पलीकडून आल्यावर पासपोर्ट उचललात का ते आधी बघा, मग बूट-पट्टा घाला. त्यानंतर बोर्डिंग पासवर लिहिलेल्या गेटपर्यंत जाऊन बसा. गेट बदलू शकतं, फलकाकडे अधूनमधून नजर टाका. दुकानांत रमू नका. उड्डाणाच्या १५-२० मिनिटं आधी गेट बंद होतं.

७. विमानात

इथे फार काही नाही. चढताना-उतरताना कान दडपतात, आवंढा गिळा किंवा गोळी चघळा. पाणी मागून प्या, ते फुकट असतं. पेन जवळ असू द्या. जेवण झालं की झोपा, कारण उतरल्यावर पूर्ण दिवस उभा राहायचा आहे.

८. उतरल्यावर

'ऑल पासपोर्ट्स' लिहिलेल्या रांगेत उभे राहा. अधिकारी विद्यापीठ, पत्ता, पैसे एवढंच विचारतात. वरच्या कप्प्यातले कागद इथे कामाला येतात. व्हिसावरची शेवटची तारीख नीट वाचून ठेवा, राहण्याच्या परवान्याच्या अर्जासाठी ती लागते.

मग बॅगेचा पट्टा. बॅग आली नाही तर बाहेर पडू नका. त्याच हॉलमध्ये हरवलेल्या सामानाचा काउंटर असतो. तिथे बॅगेची पावती दाखवून तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर घ्या. राहायचा पत्ता द्या, बॅग घरपोच येते. बाहेर पडून दुसऱ्या दिवशी फोन करणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार सात दिवसांच्या आत करावी लागते. कस्टमचे दोन रस्ते असतात, जाहीर करण्यासारखं काही नसेल तर हिरवा. दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर मात्र लाल.

फ्रँकफुर्टला पहिल्या टर्मिनललाच लागून दोन रेल्वे स्टेशनं आहेत: एक लांब पल्ल्याचं, एक लोकल गाड्यांचं. पाट्या बघत जा. लांबच्या गाडीचं तिकीट आधीच स्वस्तात काढायचा मोह होतो, पण ते स्वस्त तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. विमान दोन तास उशिरा आलं की ते वाया जातं. पहिल्या दिवशी कुठल्याही गाडीला चालणारं तिकीटच घ्या, किंवा उतरल्यावर काढा. महिन्याला ६३ युरोचा डॉइचलँड-तिकीट नावाचा पास असतो. त्यावर लोकल, बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्या देशभर चालतात, वेगवान आयसीई चालत नाही. बऱ्याच विद्यापीठांत सेमिस्टर फीमध्येच पास मिळतो, म्हणून आधी विद्यापीठाला विचारा. तिकिटाशिवाय मात्र एक स्टेशनसुद्धा जाऊ नका. बरेच ठिकाणी स्टेशनला दारं किंवा अडथळे नसतात, त्यामुळे कुणी बघत नाही असं वाटतं. तपासनीस साध्या कपड्यांत येतो आणि ६० युरो दंड होतो.

खोलीवर पोचलात की आधी घरी फोन करा. मग भिंती, पलंग, शेगडी, बाथरूम यांचे फोटो काढा. काही आधीच तुटलेलं असेल तर त्याच दिवशी ईमेलने कळवा, नाहीतर खोली सोडताना डिपॉझिटमधून कापतात. दुपारी झोपू नका, बाहेर पडून किराणा आणा. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं.

९. पहिले पंधरा दिवस

जर्मनीतली सगळी कामं पत्त्यापासून सुरू होतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला, तुम्ही इथे राहायला आलात असं सांगणारा एक फॉर्म लागतो. साधा भाडेकरार चालत नाही. खोली ठरवतानाच विचारा, "हा फॉर्म देणार का?" नाही म्हणाला तर ती खोली घेऊ नका. आणि खोली न बघता, कुणाला न भेटता, किल्ली कुरिअरने पाठवतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका, त्याने कितीही कागद दाखवले तरी. कचेरीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत ती लवकर मिळत नाही, म्हणून सोलापुरातूनच घेऊन ठेवा.

आता एक लहानशी गोष्ट, पण यावर बरंच काही अडतं. तिथल्या पत्त्यात बहुधा खोली नंबर नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. पेटीवर तुमचं नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर हे सगळं पोस्टानेच येतं. पहिल्याच संध्याकाळी कागदाच्या पट्टीवर पासपोर्टवरचं आडनाव ठळक अक्षरांत लिहून पेटीवर आणि बेलवर चिकटवा. दुसऱ्याच्या खोलीत काही दिवस राहात असाल तर त्यांच्या नावाखाली आपलं लावा, त्यांना विचारून. आणि पेटी रोज उघडा.

पत्ता नोंदवल्याचा दाखला मिळाला की बँक खातं, मग ब्लॉक्ड अकाउंट सुरू करणं, मग आरोग्य विमा आणि विद्यापीठातली नोंदणी. विम्याचा पुरावा विद्यापीठ मागतं, म्हणून विमा कंपनीला इथूनच लिहून ठेवलेलं बरं. विम्याचा हप्ता महिन्याला दीडशे युरोच्या आसपास पडतो, तो ९९२ मधूनच जाणार हे धरून महिन्याचा हिशोब करा. काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरोचं. ते खोटं नाही, पण ही वर्गणी माणशी नसते, घराला एक असते. चौघं मिळून राहात असाल तर एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा.

बाटल्या फेकू नका. बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांमागे आणि कॅनमागे २५ सेंट जास्त घेतलेले असतात, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाकल्या की परत मिळतात. रात्री दहानंतर कुकरच्या शिट्ट्या नकोत, शेजारी तक्रार करतात. धुराची सूचना देणारं यंत्र छताला असतं, म्हणून फोडणी देताना खिडकी उघडी आणि दार बंद.

काम करायचं असेल तर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येतं. पण पहिला महिना तरी कामाच्या मागे लागू नका. कागदपत्रं आणि लेक्चर एवढंच पुष्कळ असतं.

ओळखीचं कुणी नसेल तर विद्यापीठातला मराठी किंवा भारतीय विद्यार्थ्यांचा ग्रुप शोधा. आपल्या सोलापूरच्या मुलांना एक फायदा आहे. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी अशा गावात वाढल्यामुळे नव्या भाषेचं भय कमी असतं. तेच जर्मनला लावा. दुकानात, बसमध्ये मोडकंतोडकं का होईना, पहिल्या दिवसापासून बोला.

आजारी पडलात आणि दवाखाने बंद असतील तर ११६११७ वर फोन करा. जिवावरचं असेल तर ११२, पोलीस ११०. हे तीन नंबर फोनमध्ये आत्ताच टाका.

सगळ्यात शेवटी राहण्याचा परवाना. पासपोर्टवरचा व्हिसा बहुधा तीन किंवा सहा महिन्यांचाच असतो. तो संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कचेरीत परवान्यासाठी अर्ज झालाच पाहिजे. तिथेही वेळ मिळायला महिने लागतात, म्हणून पत्ता नोंदवला त्याच आठवड्यात अर्ज टाका आणि पाठवल्याचा ईमेल जपून ठेवा. भेटीची तारीख व्हिसा संपल्यानंतरची मिळाली तर अर्ज मुदतीत केल्याचा तात्पुरता दाखला त्यांच्याकडून मागून घ्या. तो हातात नसेल तर डिसेंबरच्या सुट्टीत घरी यायचं तिकीट काढू नका.